हुबेहूब जमलंय, पण खोली काही गप्प बसत नाही

अर्धा_कॅनव्हास

मंडळी, जरा मदत हवीये. कौतुक नको, ते घरी भरपूर झालंय.

गेले चार महिने एकाच ऑइल पेंटिंगवर बसलोय. विषय अगदी साधा, आई खिडकीशेजारी खुर्चीत बसून बाबांच्या शर्टाला बटण लावतेय. मागे भिंत, भिंतीवर कॅलेंडर, कपाटाचं अर्धवट उघडं दार, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, बस्स. मला तो जुन्या वास्तववादी चित्रांमधला घरातला निवांतपणा हवा होता, फ्रेंच चित्रकार मिलेच्या त्या दिव्याच्या उजेडात शिवत बसलेल्या बाईसारखा (न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये आहे ते, १८७०-७२ चं). त्यात आहे काय म्हणाल तर एक बाई, दिवा आणि शिवण. पण ते चित्र स्क्रीनवर उघडं असलं की मी आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो, खरंच सांगतो.

माझं चित्र बघून जो तो म्हणतो "अरे फोटोच वाटतोय!" पहिल्यांदा छाती फुगली, दहाव्यांदा ऐकल्यावर राग यायला लागला, कारण ते खरंच आहे. आई आहे, बटण आहे, सगळं जिथल्या तिथे आहे, पण खोली गप्प नाहीये. काहीतरी सारखं बडबडतंय त्यात आणि काय ते सापडत नाही.

कसं केलं ते सांगतो, म्हणजे निदान करायला सोपं जाईल. मोबाइलवर तीसचाळीस फोटो काढले, त्यातला एक निवडला, चौकटी आखून कॅनव्हासवर उतरवला आणि मग भागाभागाने पूर्ण करत गेलो, आधी चेहरा (पंधरा दिवस!), मग हात, मग शर्ट, मग उरलेलं. शिवाय एक वेगळाच वैताग, उजवीकडचा अंधारा कोपरा बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) केलाय तो वाळल्यावर मॅट आणि राखाडी पडलाय, शेजारचा भाग चकचकीत. वरून व्हार्निश मारू का?

आणि एक बाळबोध प्रश्न, हसू नका. ह्याला रिअ‍ॅलिझम म्हणायचं की नाही? फोटो जोडलाय. बिनधास्त फाडा. मला, चित्राला नव्हे.

जवस

आधी कोपऱ्याचं सांगतो, ते सोपं आहे. रंग बिघडलेला नाही, त्यातलं तेल खालच्या थराने ओढून घेतलंय, अंबरचं हे नेहमीचंच रडगाणं. व्हार्निश आत्ता अजिबात नको. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही ना, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे हाताला कोरडं लागलं तरी सहा महिने ते वर्षभर थांबायचं. सध्या जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घाल, त्या मॅट भागावर कापडाने अगदी पातळ चोळ आणि जास्तीचं पुसून काढ, अंधार परत वर येईल. आणि हो, ते तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकू नकोस, जवसाचं तेल सुकताना गरम होतं, चुरगळलेली फडकी आपसूक पेट घेतात. पाण्यात भिजव नाहीतर पसरून वाळत घाल. हे मी सगळ्यांना सांगतो, सगळे हसतात.

आता चित्र. माझ्या मते बडबड कोण करतंय तर तुझं कॅलेंडर. त्यावरच्या तारखा मला वाचता येतायत! कपाटाची बिजागरी, टॉवेलचे धागे, आईच्या पापण्या आणि सुई, सगळं एकसारखं स्पष्ट. कॅमेऱ्याला चालतं हे, त्याला कशातच रस नसतो. माणसाचा डोळा सुईवर असेल तर कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचा एक फिकट चौकोन, त्याहून जास्त काही नाही. तू सगळ्या कडा कात्रीने कापल्यासारख्या ठेवल्यास त्यामुळे प्रत्येक वस्तू "माझ्याकडे बघ" म्हणत हात वर करून उभी आहे. मिलेचं तेच चित्र परत उघड आणि अंधारात काय काय आहे ते मोजायचा प्रयत्न कर, बऱ्याच ठिकाणी कड कुठे संपली आणि अंधार कुठे सुरू झाला हे सांगताच येत नाही. खांद्याची कड हरवू दे, खुर्चीचा मागचा पाय भिंतीत विरघळू दे. काही मरत नाही त्याने.

दुसरं म्हणजे खुर्चीखालची सावली. मोबाइल खिडकीच्या उजेडाप्रमाणे एक्सपोजर धरतो आणि बाकीचं काळं करून टाकतो, तू ते काळं जसंच्या तसं रंगवलंस. प्रत्यक्ष जाऊन खुर्चीखाली बघ, जमिनीवरून परतलेला उजेड असतो तिथे. खिडकीतून आकाशाचा थंड उजेड येत असेल तर सावल्या उबदार दिसतात, तपकिरी, कधी चक्क तांबूस. आणि टिटॅनियम व्हाइट प्रत्येक रंगात घातलंयस का? शर्ट, कातडी, भिंत, सगळ्यावर खडूची भुकटी उडाल्यासारखं दिसतंय म्हणून विचारतो.

चेहरा आधी पंधरा दिवस... मग बरोबर. तो चेहरा स्वतःच्याच उजेडात बसलाय, खोलीच्या नाही. पुढच्या वेळी अख्खा कॅनव्हास पहिल्याच दिवशी पातळ अंबरने झाकून टाक, डोळे किलकिले करून फक्त उजेड-अंधाराचे चारपाच टोन मांड, नाक-डोळे नंतर.

चिकट_टेप

मला तर आवडलं बुवा. फोटोसारखं दिसणं म्हणजे शिवी कधीपासून झाली? आम्ही आंबा काढला तरी लोक बटाटा म्हणतात.

पोटमाळा

टेप, शिवी नाही, पण त्याने जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर तिथेच अडकलंय. हुबेहूबपणा आणि रिअ‍ॅलिझम (एकोणिसाव्या शतकातली फ्रान्समधली चित्रचळवळ) ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत आपण दोन्हीला "वास्तववादी" म्हणून घोळ घालतो. हुबेहूब तर रिअ‍ॅलिझमच्या आधीचे लोकही काढत होते, आणि ज्यांच्याविरुद्ध रिअ‍ॅलिस्ट उभे राहिले ते अकॅडमीवाले चित्रकार तर इतकं गुळगुळीत काढायचे की ब्रशचा फटकारा दिसला तर लाज वाटावी. देवी, अप्सरा, रोमन सेनापती, पण हुबेहूब! भांडण "कसं काढायचं" ह्यापेक्षा "काय काढायच्या लायकीचं आहे" ह्यावर जास्त होतं.

त्या चळवळीतला फ्रेंच चित्रकार कूर्बे, त्याचं उदाहरण घ्या, तुमच्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. "ओर्नांमध्ये जेवणानंतर" असं चित्र आहे त्याचं, १८४९ च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, लागलं. चार माणसं जेवण आटोपून टेबलाभोवती बसलीयेत, एकजण व्हायोलिन वाजवतोय, एकजण पाइप पेटवतोय, चित्रकाराचे वडील पेंगुळलेत आणि खुर्चीखाली कुत्रा झोपलाय. संपलं. ह्यापलीकडे काही घडत नाही. पण कॅनव्हास किती मोठा तर १९५ बाय २५७ सेंटिमीटर! माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. घरगुती प्रसंग काढू नये असं कुणी म्हणत नव्हतं, डच लोकांनी दोनशे वर्षं आधी ढिगाने काढले होते, पण छोट्या आकारात, कपाटाशेजारी टांगायला. एवढी जागा लढाया, राजे आणि संतांसाठी राखीव असायची. ती ह्याने जेवून सुस्तावलेल्या चौघांना देऊन टाकली. गंमत म्हणजे त्याला त्यावर पदक मिळालं, सरकारने चित्र विकतही घेतलं, आज ते लील शहराच्या म्युझियममध्ये आहे. पुढच्याच सलोंमध्ये त्याने गावातली अंत्ययात्रा त्याहून कितीतरी मोठी करून लावली तेव्हा मात्र लोक भडकले. आणि १८५५ मध्ये जागतिक प्रदर्शनाच्या ज्युरीने त्याची मोठी चित्रं नाकारली तर पठ्ठ्याने शेजारीच स्वतःचा मांडव घातला आणि दारावर "रिअ‍ॅलिझम" अशी पाटी लावली.

म्हणून मला विचाराल तर आईचं बटण लावणं एवढे चार महिने घालवण्याइतकं महत्त्वाचं वाटलं तिथेच तुम्ही अर्धे रिअ‍ॅलिस्ट झालात. उरलेलं अर्धं जवस म्हणतायत ते.

सुईदोरा

मला पेंटिंगमधलं ओ की ठो कळत नाही, मी शिवणकामाच्या चर्चेतून भरकटत इकडे आले. पण फोटो बघितला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, राग मानू नका.

ही बाई बटण लावत नाहीये.

सांगते कसं ते. बटण लावताना डावा हात कापडाच्या खाली असतो, अंगठा वर बटणावर आणि बोटं खाली, कारण सुई खालून वर येते तेव्हा ती नेमकी कुठे येतेय हे खालच्या बोटालाच कळतं, डोळ्याला नाही. तुमच्या चित्रात डावा हात शर्टावर नुसता ठेवलाय, मांजरावर ठेवतात तसा. दोरा एवढा लांब सोडलाय की दुसऱ्या टाक्याला गुंता होईल, बटणाला इतका दोरा कोण घेतं? आणि त्या सुईकडे बघतच नाहीयेत. त्या तुमच्याकडे बघायचं टाळतायत. आमच्या घरात कुणी "जरा तशीच बस, फोटो काढतो" म्हणालं की मी पण अशीच बसते, मान खाली, हात शोभेला.

अर्धा_कॅनव्हास

सुईदोराताई, दंडवत. चार महिने ज्या गोष्टीभोवती फिरत होतो ती तुम्ही चार ओळीत पकडली.

खरं सांगू? सुईत दोराच नव्हता. मीच आईला म्हणालो इथे उजेड छान आहे, शर्ट घेऊन बस, ती बसली, सुई हातात दिली, दोरा ओवायची गरज काय फोटोपुरता, असं दोघांनाही वाटलं. दोरा मी नंतर मनाने काढला, आणि लांब काढला कारण त्याची वळणदार रेघ शर्टावर सुंदर दिसत होती. आता ती रेघ बघवत नाही.

जवस, कॅलेंडर झाकलं काल. बाप रे, काय फरक पडला! तारखा काढायला मला तीन दिवस लागले होते, पुसायला दहा मिनिटं. टिटॅनियमचा आरोप मान्य. कोपरापण तेल चोळल्यावर परत काळोखा झालाय, फडकं बादलीत आहे.

पोटमाळा, तो कुत्रा मी आता रोज बघतोय.

तिसरी_खोली

थोडं वाकडं बोलू का. तुम्ही सगळे "शांतता", "निवांतपणा" म्हणताय पण ही शांतता कुणाची? बघणाऱ्याची. शिवणारीची ती दिवसातली कामाची शेवटची पाळी असते, बाकी सगळं उरकल्यावर उरलेली. दिव्याखाली शिवणारी बाई आपल्याला शांत दिसते कारण आपण आरामात बसून बघतोय. अशी चित्रं बघितली की मला नेहमी प्रश्न पडतो की हिला विचारलं असतं तर हिने ह्याला काय नाव दिलं असतं.

तरी मिलेला मी थोडी सूट देते. त्याने लिहिलेल्या एका पत्रात संध्याकाळचं वर्णन आहे, आजूबाजूला सगळ्याजणी शिवतायत, मोजे रफू करतायत, टेबलावर कापडाचे तुकडे आणि लोकरीचे गुंडे पसरलेत आणि तो मधूनमधून दिव्याच्या उजेडाने ह्या सगळ्यावर काय होतंय ते बघत बसलाय. त्या सगळ्याजणी म्हणजे त्याची बायको आणि मोठ्या झालेल्या मुली. नऊ मुलांचं घर होतं ते, रफू काय हौस म्हणून चाललं नसणार. आणि हा शेतकऱ्याचा मुलगा, कामाने पाठ कशी वाकते ते लहानपणापासून बघितलेला, म्हणून त्याच्या चित्रातल्या बायका वाकतात तेव्हा खरंच वाकतात, नाजूक झुकत नाहीत. उजेडपण बघा ना, दिवा तिच्या सौंदर्यासाठी लावलेला नाही, शिवण दिसावं म्हणून लावलाय, आपल्याला ती दिसते हा योगायोग.

तुमच्या चित्रात उजेड चेहऱ्यावर आहे. म्हणजे तो तुमच्यासाठी आहे, आईसाठी नाही.

जवस

तिसरी खोली, शेवटच्या दोन ओळींवर मी पाच मिनिटं बसून राहिलो.

ह्यावरून आठवलं, मिले बहुतेक काम आठवणीतून करायचा, मॉडेल समोर बसवून फार कमी. आधी ऐकलं तेव्हा मला ती बढाई वाटायची पण आठवणीत गाळणी असते, कॅलेंडरच्या तारखा तिथेच गळून पडतात. अर्धा, तुला एकच काम देतो, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, आई खरंच काही शिवत असेल तेव्हा तासभर नुसता बसून बघ, स्केचबुकपण नको. मग उठून आत जा आणि आठवेल तेवढंच काढ.

चिकट_टेप

आणि पाठमोरी काढली तर? चेहऱ्याची कटकटच मिटली 😀

पोटमाळा

टेप, तू विनोद केलास पण त्यावर एका माणसाची अख्खी कारकीर्द उभी आहे. हामरशॉय, कोपनहेगनचा चित्रकार. १८९८ ते १९०९ तो स्ट्रांडगेड रस्त्यावरच्या ३० नंबरच्या घरात राहिला आणि त्याच खोल्या पुन्हा पुन्हा काढत बसला, राखाडी भिंती, पांढरी दारं, आणि बायको ईडा, पुष्कळदा पाठमोरी, मान आणि केसांचा अंबाडा तेवढा दिसतो. ती काय करतेय हे कित्येकदा कळतच नाही. कूर्बे-मिलेच्या अर्थाने तो रिअ‍ॅलिस्ट नाही, बराच नंतरचा आहे, आणि हुबेहूब म्हणावं तर लंडनच्या टेट म्युझियमच्या संग्रहात त्याचं १८९९ चं एक इंटीरिअर (खोलीचं चित्र) आहे त्यात टेबलाच्या पायांच्या सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडल्यात! तरी खोली गप्प म्हणजे किती गप्प. मला मात्र त्याची शांतता जास्त वेळ सोसत नाही, कुणीतरी रुसून बसलंय असं वाटतं.

त्यापेक्षा डॅनिश चित्रकार ॲना आन्करचं "निळ्या खोलीतलं ऊन" बघा, १८९१ चं. तिची मुलगी हेल्गा पाठ करून क्रोशा विणत बसलीये, खिडकीतलं ऊन मागच्या भिंतीवर चौकोन होऊन पडलंय. तीपण पाठमोरीच, पण ती पोर तिच्या कामात इतकी बुडालीये की आपण दारातून आलो तरी तिला कळणार नाही. आणि काढणारी तिची आई आहे हे कळल्यावर तर... असो. तुमच्या केसमध्ये उलटं आहे एवढंच.

सुईदोरा

क्रोशाचं चित्र शोधून बघितलं. हो, ही विणतेय. हात दिसत नाहीत नीट तरी कळतं, कोपर अंगाजवळ आहेत, मान त्याच बेताने वाकलीये. मला आवडलं हे.

अर्धा_कॅनव्हास

अपडेट. उशीर झाला कारण आई शिवायला कधी बसते हेच मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून! विचारलं तर म्हणाली "वेळ मिळेल तेव्हा", आणि वेळ कधी मिळतो ते बघायला तीन दिवस गेले.

शेवटी एक उसवलेली उशीची खोळ घेऊन बसली. मोबाइल आत ठेवला आणि पेपर वाचायचं नाटक करत समोर बसलो. काय काय दिसलं ते लिहून ठेवतोय नाहीतर विसरेन. एक तर ती माझ्या "छान उजेडाच्या" खुर्चीत बसतच नाही. खिडकीकडे पाठ करून बसते, थोडी तिरकी, म्हणजे उजेड खांद्यावरून येऊन थेट कापडावर पडतो. चेहरा जवळजवळ अंधारात, खालून कापडावरचा उजेड हनुवटीला आणि चष्म्याच्या कडेला लागतो तेवढाच. सुई ओवताना चष्मा काढते, सुई पार डोळ्याजवळ नेते, ओवून झाली की चष्मा परत. दोरा घेते तो जेमतेम हातभर. टाका ओढताना उजवा हात बाहेर जातो आणि त्याच वेळी खांदा किंचित उचलला जातो, परत येतो, उचलला जातो. डावा हात कापडाखाली, दिसतच नाही. ताई म्हणाल्या तसा. पंधरा दिवस जो चेहरा घासत बसलो होतो त्याचं ह्या सगळ्यात काही कामच नव्हतं.

आणि शांत होती का? तिसरी खोली, तुमचं आठवून नीट बघितलं. शांत नव्हती. मधेच काहीतरी पुटपुटत होती, हिशोब असावा कसला तरी. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेपर उलटा धरलायस."

तर निर्णय असा की चेहरा काढून टाकतोय. वरचा जाड थर पॅलेट नाइफने खरवडला थोडा, बाकी घट्ट झालाय. तो भाग सँडपेपरने घासून त्यावरच नवीन करू, की नवा कॅनव्हास घेऊ?

जवस

नवा घे. चेहरा काढलास तरी खिडकी चुकीच्या बाजूला आहे, खुर्ची चुकीची आहे, तू एकेक भाग बदलत परत चार महिने घालवशील. शिवाय घासताना रंगाची धूळ नाकात जाते, पांढऱ्यात किंवा पिवळ्यात शिसं किंवा कॅडमियम असेल तर नकोच ते. घासायचंच तर ओलं करून घास आणि मास्क लाव. पण नवा घे. ह्या वेळी पॅलेटवर पाचच रंग, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. पहिला थर पातळ, टर्पेंटाइन जास्त, वरचे थर तेलकट होत जाऊ दे, उलटं केलंस तर पुढे तडे जातील. आणि जुना फेकू नको, भिंतीकडे तोंड करून ठेव.

तिसरी_खोली

ते पुटपुटणं चित्रात आणायचं बघा. कसं ते मला विचारू नका.

अर्धा_कॅनव्हास

नवा कॅनव्हास ताणून झालाय, अंबरचा वॉश (पातळ पहिला थर) आज दिला. खरं तर अजून काही दाखवण्यासारखं नाही, तपकिरी डाग आणि त्यात एक पांढुरका तुकडा, ती खोळ. पण काल रात्री दिवा लावायला खोलीत गेलो तर त्या डागाला बघून दचकलो, कुणीतरी बसलंय असं वाटलं.

बाकी घरची बातमी अशी की बाबांना त्यांचा निळा शर्ट अखेर सापडला. चार महिने कपाट उचकत होते. मी तो प्रॉप म्हणून ईझलच्या मागे टांगून ठेवला होता, वर एक अल्ट्रामरीनचा ठिपका पडलाय तो त्यांना अजून दिसलेला नाही. बटण अर्थातच तुटलेलंच होतं. आईने माझ्यासमोर सुई ठेवली आणि म्हणाली, आता तू लाव.

सुईदोरा

हातभरच दोरा घ्या. आणि शेवटी बटणाखाली तीनचार वेढे देऊन मग गाठ मारा, नाहीतर काजात बसणार नाही.